घळीतली चिचुंद्री आणि कड्यावरचं नेचं

—नाही, तो खोका तुमचा नाही. तुमचे हे, भिंतीशी लावलेले. अकरा गठ्ठे आहेत, मोजून घ्या हवं तर. सगळी वन्संची पानं, वाळवून, कागदावर चिकटवून, खाली बारीक अक्षरात कुठे मिळालं, कधी मिळालं. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची थोरली बहीण. पत्रावर सही होती ना, त्याच. त्या खोक्यात ह्यांच्या वह्या आहेत, त्याचं तुमच्या संग्रहालयाला काय— चिचुंद्रीची पण यादी करताय? कुठला प्राणी शेवटचा कधी दिसला त्याची? असं होय. म्हणजे वहीतली शेवटची तारीख हवी. बघते. बसा आधी. बसा हो, त्या खुर्चीवरचे कपडे खाली ठेवा, उसवायचेच आहेत ते. मी शिवणकाम करते, घर असंच असतं. चहा घेणार ना? मी टाकलाय. आणि तुला अगं म्हटलं तर चालेल का? माझ्या भाचीएवढी आहेस, अहो-जाहो करताना जीभ अडखळते.

तर चिचुंद्री. तू म्हणशील ती घरात भिंतीच्या कडेने पळते ती— ती नाही. ती वास मारते, मोठी असते. ही रानातली, घळीतली. अंगठ्याएवढी. सहा ग्रॅम. सहा ग्रॅम म्हणजे किती, तर तुझ्या शर्टाची सगळी बटणं काढून हातावर घे, तेवढी. डोळे असून नसल्यासारखे, नाक मात्र सोंडेसारखं लांब आणि सारखं हलतं. दर दोन-तीन तासांनी खायला लागतं तिला, नाहीतर मेलीच. हे सांगायचे ते मला— लग्न झाल्यावर पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं, बरं का, दुसरं काही नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आणि वन्सं त्याच कॉलेजात वनस्पतींच्या खोलीत, पानं वाळवायची, चिकटवायची, कपाटात लावायची. लग्न केलं नाही त्यांनी. वरच्या मजल्यावर राहायच्या, जेवायला खाली. त्यांचं ते नेचं. नेचं म्हणजे आपण कुंडीत लावतो ते हिरवं पिसासारखं, तसलंच, पण हे बोटभर, आणि पान इतकं पातळ की मागे बोट धरलं तर नख दिसायचं. फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या कडेला बारीक तपकिरी ठिपके तेवढे. तेही त्याच घळीत, वरच्या अंगाला, जिथे कड्यातून बारा महिने पाणी झिरपायचं तिथे. चार हात भिंत, तेवढीच त्याची जगात जागा, असं वन्सं म्हणायच्या. जगात म्हणजे— त्यांना माहीत असलेल्या जगात.

म्हणजे बघ, एकच घळ. वर कड्यावर बहिणीचं नेचं आणि खाली उतारावर, पालापाचोळ्यात, भावाची चिचुंद्री. रविवारी दोघं एका डब्यात पोळ्या घेऊन जायची, त्या वर, हे खाली. वन्सं ह्यांना उंदऱ्या म्हणायच्या. हे चिडायचे— ताई, चिचुंद्री उंदीर नाही, उंदराची कोणी नाही, कितीदा सांगू. मग हे त्यांना शेवाळबाई म्हणायचे. पन्नाशीची माणसं! मी मध्ये वाढायला. माझा दोन्हींशी संबंध एवढाच, की चिचुंद्रीचं वजन करायला थैल्या लागायच्या, त्या मी शिवायच्या. पातळ कापडाच्या, नाडीच्या, आत शिवण राहू द्यायची नाही, नख अडकतं तिचं. अजून आहेत दोन-चार कपाटात.

घे चहा. साखर कमी असेल, मी कमीच घालते आता.

पुढे ह्यांचे पाय गेले. एकदम नाही. आधी जिना चढताना कठड्याला धरायला लागले, मग काठी, मग पाठीच्या कण्याचं काहीतरी आहे, बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दोनतीन वर्षं म्हणाले. आता घळ उतरायची कशी? आणि डबे तर रोज बघायला लागतात. तुला माहीत असेल— नाही? जमिनीत डबा पुरतात, तोंड जमिनीबरोबर, आत थोडा कापूस, चार अळ्या. चिचुंद्री पळता पळता पडते आत. सकाळी लवकर जाऊन काढली नाही तर उपाशी मरते, म्हणून रोज पहाटे जायचं, एक दिवस चुकवायचा नाही. चोवीस डबे होते. वन्संना सकाळी सातलाच कॉलेज उघडायला लागायचं, म्हणून मग मी जायला लागले. कोण जाणार दुसरं? मूलबाळ नाही आम्हाला. घरातून निघायचं, अर्धा तास चालायचं, चोवीस डबे बघायचे, परत येईपर्यंत हे अंथरुणातच उशीला टेकून, मांडीवर वही, पेनाचं टोपण काढलेलं. मी चप्पल काढायच्या आत विचारायचे— काय?

पहिल्या आठवड्यात एक मिळाली. खरीच. मी कधी हातात धरली नव्हती तोवर. थैलीत घातली, काट्याला लावली, आणि थैलीखाली तळहात धरला, पडू नये म्हणून— तर हाताला काय लागत होतं म्हणून सांगू? मशीन वेगात चाललं की टेबल थरथरतं ना, तसं. तिचं काळीज. एवढंसं जनावर आणि एवढी घाई. मुळापाशी सोडली, पाचोळा जरा हलला, संपलं. मी धावत घरी आले. वजन सांगितलं, ह्यांनी लिहिलं. त्या दिवशी दोनदा जेवण मागून घेतलं त्यांनी.

त्यानंतर काही नाही. एक आठवडा नाही, दोन नाही. तीन आठवडे मी रोज येऊन सांगायची— आज नाही. खरं तेच सांगायची. आधी म्हणाले अळ्या ताज्या घाल. मग म्हणाले डब्यांची तोंडं वर आली असतील, तुला नीट दाबता येत नाहीत. मग तर ताट तसंच परत जायचं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. आणि एका सकाळी मी घळीतून आले तर हे पायरीवर पडलेले, कोपर सोललेलं, काठी रस्त्यात. स्वतः जायला निघाले होते. मी आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याने उचलून आत आणलं. रडले. ह्यांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले. चोवीस डबे रिकामे. घरी आले, ह्यांनी विचारलं, काय— आणि मी म्हटलं, एक होती.

ठरवून नाही गं. तोंडातून गेलं. हे असे सरळ बसले. वजन? म्हटलं, सहा. सहा नेमकं? म्हटलं, सहाला जरा कमी. नर की मादी? म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं, मी थैली शिवणारी. तर हसले. किती दिवसांनी हसले. आणि हात थरथरायला लागला होता म्हणून म्हणाले, तू लिही, मी सांगतो. तेव्हापासून वही माझ्या अक्षरात आहे.

हो. तेव्हापासून.

तू लिहू नकोस अजून. ऐक आधी. आठवड्याला दोन सांगायची मी. रोज सांगितलं तर संशय येईल, म्हणून मधे चार दिवस काहीच नाही. कधी पाच-आठ, कधी सहा-दोन. पिल्लं असण्याचे महिने मला पाठ झाले होते ऐकून ऐकून, तेव्हा वजन जास्त सांगायची. एकदा तर मी एक मेलेली सांगितली. म्हटलं, उशीर झाला मला, डब्यातच गेली बिचारी. खरं वाटावं म्हणून सांगितलं. तर ह्यांनी दिवसभर वही उघडली नाही. संध्याकाळी म्हणाले, तुझी चूक नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. कधी जन्मालाच न आलेल्या चिचुंद्रीसाठी माझं सांत्वन करत होते आणि मी पदराने डोळे पुसत होते— खोटे नव्हते ते डोळे. दोन वर्षं चाललं असं. जायची मात्र रोज. डबे बघायची रोज. आज खरंच असेल, म्हणून. का गेल्या चिचुंद्र्या? कोण जाणे. कुत्री वाढली होती, पाचोळा लोक पोत्यात भरून न्यायचे जाळायला. कशाने गेल्या ते मी कोणाला विचारणार? विचारलं तर गेल्या हे सांगावं लागणार.

आणि मग रस्ता आला. घळीतूनच न्यायचा होता. मोजणीवाले आले, खुंट्या मारल्या. कॉलेजने अर्ज केला, वन्सं तीन-चार कचेऱ्या हिंडल्या, तेव्हा कुठे एक समिती बसली, आणि तिथले मोठे साहेब— वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला— ते म्हणाले, रस्ता होणारच. पण वरच्या अंगाने कडा फोडून नेता येईल, नाहीतर खालून उतार कापून. दोन्ही राहणार नाहीत. तुम्हीच दोघं जाणकार, तुम्हीच तुलना करून द्या, कोणतं ठेवायचं. भावाला आणि बहिणीला सांगितलं असं. त्या बिचाऱ्याला काय कल्पना, दोघं एका घरात जेवतात.

कागदावर दोन रकाने आखले. हे इथेच, ह्या टेबलावर, तीन दिवस संध्याकाळी. एकीकडे चिचुंद्री, एकीकडे नेचं. पहिले दोन दिवस हसणंच चाललं होतं. हे म्हणाले, माझी धावते. वन्सं म्हणाल्या, माझं कोणाला चावत नाही. हे म्हणाले, माझीला एक दिवसाचा उपास सोसत नाही. त्या म्हणाल्या, माझं चार हात भिंतीवर हजारो वर्षं बसलंय, एक शब्द बोललं नाही. दोघांनाही ओल लागते, दोघांनाही ऊन सोसत नाही, दोघांकडे कोणी वळून बघत नाही— हे दोन्ही रकान्यांत सारखंच आलं. उपयोग, असा एक रकाना समितीने दिला होता. ह्यांनी लिहिलं, किडे खाते. वन्संनी लिहिलं, नाही. नुसतं, नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कोणी हसेना. शेवटचा प्रश्न होता— दुसरीकडे हलवता येईल का? हे म्हणाले, चिचुंद्री हलवली की मरते. खरंच होतं ते. वन्संनी त्यांचा रकाना रिकामा ठेवला, म्हणाल्या, उद्या लिहिते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर होते. शाळेचे पडदे होते कसलेतरी, लांबच लांब शिवण. ह्यांची खोली पलीकडे, दार उघडं. वन्सं आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या—

‘तू रोज जातेस. मला तू सांग. आहेत ना नक्की?’

पाय थांबला असता तर कदाचित मी बोलले असते. पाय थांबला नाही. पलीकडे हे जागे होते, वहीचं पान उलटल्याचा आवाज आला मला. मी मान वर केली नाही. म्हटलं, ‘आहेत.’

त्या म्हणाल्या, ‘बरं.’ आणि वर गेल्या. संध्याकाळी कागद आणला, त्यात लिहिलेलं— नेचे खडकासकट अन्यत्र हलवता येण्याजोगे आहे. ह्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, ताई, हे खरं? तर म्हणाल्या, प्रयत्न करू की. बघू. आणि भाजी घ्यायला वळल्या. मला सांग, ज्या बाईने तीस वर्षं त्या भिंतीला बोट लावताना श्वास रोखून धरला, तिला माहीत नसेल? हलत नाही ते. त्यांना पक्कं माहीत होतं. भाऊ जाणार हेही माहीत होतं. जाईपर्यंत त्याची चिचुंद्री राहू दे, एवढं त्यांनी केलं.

नंतर सांगता आलं नसतं का? आलं असतं ना. जिन्यात सांगता आलं असतं, दुकानातून येताना, त्या पाय धुताना. कागद जायला आठ दिवस होते. रोज उठून म्हणायची, आज सांगते. सांगितलं म्हणजे काय, तर त्या ह्यांना सांगणार नव्हत्याच, एवढी ओळखत होते मी त्यांना. पण कागद बदलावा लागला असता, आणि कागद बदलला की ह्यांना कारण द्यावं लागलं असतं. मग त्या पायरीवरच्या पडण्यासारखं पुन्हा— माझ्याने होईना. कागद गेला. उतार राहिला, कडा गेला.

फोडायच्या आधी वन्सं कामगारांना विनवून सात तुकडे काढून घेऊन आल्या. दगडासकट, ओल्या गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवर. मागच्या न्हाणीघरात ठेवले. नळ थेंब थेंब सोडून ठेवायचा, दिवसातून चारदा पाणी शिंपडायचं, खिडकीला ओला पडदा. तो पडदाही मीच शिवला. पहिल्या महिन्यात दोन वाळले. पान आधी कडेला तपकिरी होतं, मग कागदासारखं, मग हात लावला की भुगा.

हे गेले त्याच वर्षी, कागद गेल्यावर आठ महिन्यांनी. शेवटच्या सकाळीसुद्धा विचारलं. आवाज नव्हता, ओठ हलले. मी म्हटलं, दोन. डोळे मिटले त्यांनी. त्याचं मला वाईट वाटत नाही, बरं का. खरं सांगते. त्या दोनचं मला आजही वाईट वाटत नाही. वाटतं ते त्या मशीनवरच्या एका शब्दाचं.

महिनाभराने वन्सं म्हणाल्या, चल एकदा मला दाखव त्याच्या चिचुंद्र्या. मी म्हटलं, गुडघा दुखतोय. पुढच्या आठवड्यात म्हटलं, कामं पडलीत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. सुट्टी टाकली आणि पहाटे एकट्या जायला लागल्या. चाळीस दिवस. साठीची बाई, चोवीस डबे, अळ्या, कापूस. आल्या की हातपाय धुवायच्या, न्हाणीघरात जाऊन पाणी शिंपडायच्या, जेवायला बसायच्या. मी रोज वाट बघायची, आज विचारतील. मी ताट वाढायची. एक्केचाळिसाव्या दिवशी गेल्या नाहीत. मी मागे गेले तर पायरीवर चोवीस डबे घासून, उपडे घालून ठेवलेले, ओळीने. त्या तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘गंज चढला होता.’ एवढंच.

एवढंच गं. त्यानंतर सहा वर्षं आम्ही दोघी ह्या घरात. एका ताटात नाही, पण एका वेळी जेवलो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तर त्यांनी थेंब घातले रोज. नेच्याचा शेवटचा तुकडा तिसऱ्या वर्षी गेला. त्या दिवशी त्यांनी तो दगड पुसून कोरडा केला, नळ घट्ट बंद केला. सवयीने मी तो थेंब ऐकायची रात्रंदिवस, एकदम शांत झालं घर. मला वाटलं आता बोलतील. म्हणाल्या, चहा टाक. शिव्या दिल्या असत्या तरी मी पाया पडले असते. पण त्यांनी काही म्हटलंच नाही, आणि न विचारता बोलायचं धाडस मला झालं नाही. मागच्या महिन्यात गेल्या. शेवटचे चार दिवस शुद्धीत होत्या. मी उशाशी बसून होते चारही दिवस. दोनदा म्हटलं मी, वन्सं, मला तुम्हाला काही— तर हात धरला माझा आणि म्हणाल्या, पाय चेप जरा. मी पाय चेपले.

काय? नको, असं म्हणू नकोस. चांगल्यासाठीच केलं, वगैरे. शेजारीण पण म्हणेल तसं. ह्यांच्यासाठी केलं हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याची किंमत मी नाही दिली, त्यांनी दिली, आणि न विचारता मी ती द्यायला लावली. आणि पाणी शिंपडताना त्यांना रोज दिसायची ना मी, मशीनवर बसलेली.

ये इकडे. ही वही, शेवटची. हे बघ ह्यांचं अक्षर, तिरकं. इथे थांबतं. अकरा फेब्रुवारी, पाच पूर्णांक आठ— ह्यांनीच लिहिलंय, मी सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं. ती मी सांगितली ना तुला, हाताला काळीज लागलं होतं, तीच. ही तुझी तारीख. ह्यापुढे गोल अक्षर आहे ते सगळं माझं. दोन वर्षं सात महिने. त्यातलं एकही यादीत घेऊ नकोस. समजलं ना? आणि नेच्याच्या गठ्ठ्यावर वन्संनी काही शेरा मारलाय का, मी उघडून बघितलं नाही. असला तर तो तसाच राहू दे. माझ्याविषयी असला तरी.

घेऊन जा वह्या. सगळ्याच ने, आठही. रडू नकोस बाई, तू कशाला रडतेस, तुझं काय गेलंय त्यात. बाहेर तुझा गाडीवाला दोनदा वाजवून गेला. हे दोन गठ्ठे तू घे, बाकीचे न्यायला त्याला आत पाठव.

ज्यांना सांगायचं त्या महिनाभरापूर्वी इथेच होत्या, आणि मी सांगतेय तुला. जा तू आता.